सात दाणे उगवले, तीन राहिले, मग बियाणं किती टक्क्यांचं?

मागच्या अंकात पेरणीआधीच्या सोयाबीन उगवण चाचणीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की दहातले सात दाणे उगवले तर ७० टक्के हा ‘मॅक्सिमम लाइकलीहुड’ अंदाज झाला. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली. शेतकरी, विद्यार्थी, कारखान्यात काम करणारे, जंगलात फिरणारे, सगळ्यांची. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यावरच घेतेय. लांब पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न (सांगलीहून एक विद्यार्थिनी) : मॅडम, मी बीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. एमएलई, म्हणजे मॅक्सिमम लाइकलीहुड एस्टिमेशन, शिकवून झालं. लाइकलीहुड लिहा, लॉग घ्या, डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य ठेवा, झालं उत्तर, मार्कही मिळतात. पण मला आतून काहीच कळलेलं नाहीये. लाइकलीहुड आणि प्रोबॅबिलिटी एकच ना? सूत्र तर अगदी तेच आहे. वर्गात विचारलं तर ‘हे परीक्षेला नाही’ म्हणाले आणि मुलं हसली.

उत्तर : अगं, सूत्र तेच आहे हे तू बरोब्बर पकडलंस, आणि गोंधळ तिथेच होतो. सूत्र एकच, पण त्यातलं काय पक्कं धरायचं आणि काय हलवायचं ते बदलतं.

गोणपाटाचा एक तुकडा डोळ्यासमोर आण. ओला करून पसरलाय, त्यावर दहा दाणे ओळीत ठेवलेत, गुंडाळी करून सावलीत ठेवलीय, अधूनमधून पाणी शिंपडलंय आणि सहा-सात दिवसांनी हळूच उघडलीय. सात दाण्यांना छान मोड आलेत, दोन जसेच्या तसे, एक बोटाने दाबला तर मऊ लागतो, कुजलाय. म्हणजे सात उगवले, तीन नाही.

आता पहिला प्रश्न असा असू शकतो, की पोतं ७० टक्के उगवणीचं आहे हे मला आधीच ठाऊक आहे, मग दहातले किती उगवतील? शून्य उगवतील, एक, दोन, असं करत दहापर्यंत, अकरा शक्यता झाल्या. प्रत्येकीची प्रोबॅबिलिटी काढ, बेरीज कर, बरोबर १ येणार. इथे पोतं पक्कं आहे आणि दाण्यांचा निकाल हलतोय. ही प्रोबॅबिलिटी.

पण आपली परिस्थिती उलटी आहे ना. गोणपाट उघडून झालंय. सात म्हणजे सात, ते आता हलणार नाहीत, कितीही वेळा मोजले तरी. जे माहीत नाही ते पोतं. मग आपण एकेक पोतं मनात धरून बघतो आणि प्रत्येकाला विचारतो, की बाबा, तू खरा असतास तर माझ्यासमोर जे आलंय ते येण्याची शक्यता किती होती? पोतं ५० टक्क्यांचं असतं तर दहात सात उगवण्याची शक्यता ०.११७. ६० टक्क्यांचं असतं तर ०.२१५. ७० ला ०.२६७. ८० ला ०.२०१ आणि ९० ला एकदम ०.०५७. डोंगरासारखं वर चढलं आणि खाली उतरलं, आणि शिखर ७० वर आहे. या चढउताराच्या रेषेला लाइकलीहुड म्हणायचं आणि शिखर जिथे आहे त्या आकड्याला मॅक्सिमम लाइकलीहुड अंदाज. तुझं डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवणं म्हणजे शिखरावर जमीन सपाट असते एवढंच, बाकी त्यात काही नाही.

आता एक गंमत स्वतः करून बघ. वरच्या पाच आकड्यांत ६५ टक्क्यांचा ०.२५२ आणि ७५ टक्क्यांचा ०.२५० मिळव. बेरीज १.३६ येते. प्रोबॅबिलिटीची बेरीज १ च्या वर कशी जाईल? जाणारच नाही. म्हणजे हे आकडे ‘पोतं ७० टक्क्यांचं असण्याची शक्यता’ नाहीतच. ०.२६७ चा अर्थ ‘पोतं ७० टक्क्यांचं असायला २६.७ टक्के चान्स आहे’ असा घेतला की सगळं फसलं. त्याचा अर्थ एवढाच, की पोतं तसं असतं तर आपल्याला दिसलं ते दिसायला इतका वाव होता. लाइकलीहुडचा एकटा आकडा काही बोलत नाही, दोघांची तुलना बोलते.

आणि हे तुला लगेच कळलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस गं. ही पद्धत ज्याने उभी केली त्या रोनाल्ड फिशरने १९१२ साली केंब्रिजला विद्यार्थी असताना पहिला पेपर लिहिला, त्यात त्याचीही या दोन गोष्टींत सरमिसळ झाली होती. प्रोबॅबिलिटी वेगळी आणि लाइकलीहुड वेगळं, हा शब्दच वेगळा हवा, हे त्याने १९२१ च्या सुमारास स्पष्ट मांडलं, आणि १९२२ च्या मोठ्या पेपरमध्ये आपली आधीची मांडणी चुकली होती हे सरळ कबूल केलं. जवळपास दहा वर्षं लागली त्याला. तू तर एका सेमिस्टरमध्ये त्याच जागी अडलीस, म्हणजे बरोबर जागी अडलीस.

प्रश्न (औसा तालुक्यातून एक शेतकरी) : ताई, तुम्ही दहा दाण्यांचं उदाहरण दिलं पण आम्हाला कृषी सहायक १०० दाण्यांच्या तीन गुंडाळ्या करा म्हणतात. सात दाण्याला सत्तर टक्के आणि दोनशे दहा दाण्यालाही सत्तर टक्केच, मग एवढे दाणे वाया कशाला घालवायचे?

उत्तर : दादा, प्रश्न लाखातला आहे. शिखर दोन्हीकडे ७० वरच आहे, खरंय तुमचं. पण डोंगराचा आकार बघा.

दहा दाण्यांत ७० टक्क्यांचं पोतं आणि ६० टक्क्यांचं पोतं यांची तुलना केली तर ६० वाल्याचं लाइकलीहुड ७० वाल्याच्या चार पंचमांश भरतं, म्हणजे दोघं जवळपास खांद्याला खांदा लावून उभे. दहा दाण्यांवरून ‘हे ६० चं नाही’ असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आता १०० दाणे घ्या, ७० उगवले, तर ६० चं लाइकलीहुड ७० च्या साधारण नवव्या भागावर येतं. आणि तिन्ही गुंडाळ्या मिळून ३०० दाणे, २१० उगवले, तर थेट साडेसहाशेवा भाग. पसरट टेकाड होतं त्याचा सुळका झाला. सोयाबीनला ७० टक्के ही कमीत कमी उगवणीची रेघ धरलेली आहे, त्याखाली गेलं तर बियाणं जास्त टाकावं लागतं नाहीतर बदलावं लागतं, मग ६० आहे की ७० हे नीट कळलेलं बरं. दाणे वाया जात नाहीत, ते पक्केपणा विकत आणतात.

हाच पक्केपणा टक्क्यांत सांगायचा तर दहा दाण्यांच्या अंदाजात साधारण साडेचौदा टक्क्यांचं हेलकावणं असतं, म्हणजे अंदाज खऱ्या आकड्याच्या सहसा इतका इकडेतिकडे जातो, शंभरात साडेचार-पावणेपाच आणि तीनशेत पावणेतीनच्या आत. यापेक्षा हुशारीची युक्ती काढून हे अजून कमी करता येईल का? पद्धत एका बाजूला झुकणारी नसेल तर नाही येत. अंदाजाचं हेलकावणं एका मर्यादेखाली उतरूच शकत नाही हे संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये कलकत्त्यात सिद्ध केलं, तेव्हा ते पंचविशीत होते. क्रामर नावाच्या स्वीडिश गणितज्ञालाही स्वतंत्रपणे तेच सापडलं, म्हणून क्रामर-राव मर्यादा म्हणतात. आपलं साधं ‘उगवलेले भागिले एकूण’ त्या मर्यादेला बरोबर टेकतं.

आणि इथे सांगलीच्या मुलीने परत लक्ष दे. राव तेव्हा कलकत्ता विद्यापीठात एमएच्या मुलांना शिकवायचे. सॅम्पल खूप मोठं असेल तर काय होतं हे फिशरचं म्हणणं ते फळ्यावर मांडत होते, तेव्हा एका विद्यार्थ्याने उभं राहून विचारलं, की सर, सॅम्पल लहान असेल तर हे का नाही सिद्ध करत? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि निकाल हातात आला, ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, आपल्या साताऱ्याचे, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले मोठे अर्थतज्ज्ञ, ज्यांनी १९७१ मध्ये नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या गरिबीचा अभ्यास मांडला. तेही परीक्षेला नव्हतंच.

दादा, एक गोष्ट मात्र सांभाळा. हा सगळा हिशोब प्रत्येक दाणा आपापल्या नशिबाने उगवला असं धरून आहे. गोणपाटाचा एक कोपरा कोरडा राहिला आणि तिथले पंधरा दाणे एकदम गेले, किंवा एका दाण्याची बुरशी शेजारच्या चारांना लागली, तर ते पंधरा वेगळे पुरावे नाहीत, तो एकच अपघात पंधरा वेळा मोजलाय. तीन गुंडाळ्या वेगवेगळ्या करण्यात तोही फायदा आहे. एकीत ७८, दुसरीत ७४ आणि तिसरीत ५२ आले तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, तिसऱ्या गोणपाटाचं काय झालं ते आधी बघा.

प्रश्न (पुण्याहून, आयटीत काम करणारे) : लॉग का घेतात? फक्त डेरिव्हेटिव्ह सोपं जावं म्हणून?

उत्तर : तेही आहे, पण तुमच्या कामात दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लाइकलीहुड म्हणजे प्रत्येक निरीक्षणाच्या शक्यतेचा गुणाकार. समजा २००० नोंदी आहेत आणि प्रत्येकीची शक्यता अर्धी धरली, तर गुणाकार दशांशचिन्हानंतर सहाशेहून जास्त शून्यं असलेला काहीतरी आकडा होतो. कॉम्प्युटरचा नेहमीचा डबल, म्हणजे दशांश आकडा साठवायचा प्रकार, तीनशे-सव्वातीनशे शून्यांपर्यंतच तग धरतो, त्यापुढे तो सरळ शून्य म्हणतो. मग सगळी पोती शून्य, शिखर कुठलं आणि पायथा कुठला. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, तोच आकडा उणे १३८६ असा साधा होतो, आणि लॉग घेतल्याने उंची बदलते पण शिखराची जागा बदलत नाही, कारण मोठ्याचा लॉग मोठाच असतो. तुम्ही मॉडेल ट्रेन करताना जो क्रॉस एन्ट्रॉपी लॉस कमी करत बसता ना, तो दुसरंतिसरं काही नसून याच लॉग-लाइकलीहुडला उणे चिन्ह लावलेलं आहे. फिशरचंच काम करताय तुम्ही रोज, नाव बदललंय फक्त.

प्रश्न (एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधून क्वालिटी बघणारे) : आम्ही एलईडी बल्ब जोडतो. दहा बल्ब सलग १००० तास लावून ठेवले. चार गेले, २००, ४५०, ७०० आणि ९०० तासांना. सहा अजून चालूच होते पण रॅक रिकामा करायचा म्हणून टेस्ट बंद केली. रिपोर्टमध्ये सरासरी आयुष्य काय लिहू? साहेब म्हणतात गेलेल्या चारांची सरासरी काढ, जे गेलेच नाहीत त्यांचं आयुष्य आपल्याला कुठे माहीत आहे. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते अगदी रास्त आहे, आणि मला या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं, कारण एमएलई खऱ्या अर्थाने कामाला येतं ते अशा ठिकाणी. नाणी आणि दाणे यांत तर साधी टक्केवारीच येते, तिथे एवढं मोठं नाव कशाला हवं असं कुणालाही वाटेल.

साहेबांच्या पद्धतीने चारांची सरासरी ५६२.५ तास येते. पण त्यात काय झालं बघा, जे सगळ्यात दणकट निघाले तेच सहा बल्ब आपण हिशोबातून हाकलले. दुसरं कुणी म्हणेल, सहांचं आयुष्य १००० धरा, मग ८२५० भागिले १०, म्हणजे ८२५ तास. तेही चूक, कारण ते १००० तासांना मेले नव्हते, चालू होते, त्यांना आपण मारलं.

एमएलई काय म्हणतं, की प्रत्येक बल्बने तुम्हाला नेमकं काय सांगितलं तेवढंच लिहा, ना कमी ना जास्त. २०० तासांना गेलेल्याने सांगितलं ‘मी २०० ला गेलो’. सहांपैकी प्रत्येकाने सांगितलं ‘मी निदान १००० तास टिकलो’. ही माहिती अर्धी आहे, पण आहे. तिचीही शक्यता लिहिता येते. बल्ब जाण्याचा धोका दर तासाला सारखाच आहे असं धरलं, म्हणजे एक्स्पोनेन्शियल मॉडेल, तर चार गेलेल्यांसाठी एक प्रकारचा तुकडा लिहायचा, सहा टिकलेल्यांसाठी दुसरा, सगळ्यांचा गुणाकार करून शिखर शोधायचं. कागदावर दोन-तीन ओळींचं काम आहे आणि उत्तर फार सुंदर येतं : सगळ्या बल्बनी मिळून जळलेले एकूण तास भागिले गेलेल्या बल्बची संख्या. २०० अधिक ४५० अधिक ७०० अधिक ९०० झाले २२५०, त्यात सहांचे ६०००, एकूण ८२५०, भागिले ४, म्हणजे सुमारे २०६२ तास.

साहेबांना दाखवायला एक ताळा देते. आयुष्य ५६२.५ तास खरं असतं तर १००० तासांनंतर दहातले दोनसुद्धा चालू सापडले नसते. ८२५ खरं असतं तर तीनेक सापडले असते. २०६२ धरलं तर सहा. तुमच्या रॅकवर किती चालू होते? सहा. जो आकडा धरल्यावर आपल्या डोळ्यासमोरचा रॅक सगळ्यात कमी आश्चर्याचा वाटतो तो घ्यायचा, याच्या पलीकडे या पद्धतीत तत्त्वज्ञान नाही.

पण रिपोर्टमध्ये २०६२ एवढंच लिहून सही करू नका हं. फक्त चारच बल्ब गेलेत, त्यामुळे या अंदाजात साधारण हजार तासांचं हेलकावणं आहे, ते शेजारी लिहा. पक्केपणा इथे किती बल्ब लावले यावर ठरत नाही, किती गेले यावर ठरतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आणि दर तासाला धोका सारखाच हे गृहीतक एलईडीला लागू आहे का ते तुम्हीच मला सांगू शकाल. ड्रायव्हरमधला कपॅसिटर गरम होऊन हळूहळू म्हातारा होत असेल तर धोका वाढत जाणार, मग वायबुल मॉडेल घ्यायला हवं, ज्यात धोका वेळेबरोबर बदलू शकतो, पद्धत तीच, फक्त तुकडे वेगळे. पुढच्या वेळी रॅक अजून थोडे दिवस मागून घ्या.

प्रश्न (नाशिकहून एक परिचारिका) : आमच्या वॉर्डात एका नव्या मलमाने २० पैकी एकाही पेशंटला पुरळ आली नाही. एमएलईने धोका शून्य टक्के येतो. असं लिहायचं का?

उत्तर : ताई, नका लिहू. शिखर शून्यावर आहे हे खरं, पण उतार फार सावकाश आहे. खरा धोका १४ टक्के असता तरी वीसच्या वीस पेशंट सुखरूप सुटण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे अगदीच अशक्य नाही. अशा वेळी ३ भागिले पेशंटची संख्या हा सोपा ठोकताळा वापरतात, वीस पेशंटना तो १५ टक्के देतो, म्हणजे ‘धोका साधारण १५ टक्क्यांपर्यंत असू शकतो’ एवढंच म्हणता येतं. ३०० पेशंटमध्ये एकालाही झालं नाही तर एका टक्क्यापर्यंत. ‘२० पैकी ० ’ असंच लिहा, वीस आकडा दिसू द्या.

प्रश्न (ठाण्याहून, दुसऱ्या महायुद्धाचा नाद असलेले) : जर्मन रणगाड्यांची संख्या नंबरांवरून काढली होती ती हीच पद्धत का? आणि ती कायम बरोबर उत्तर देते का?

उत्तर : पद्धतीचं घराणं तेच, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच गोष्टीत आहे. दोस्तराष्ट्रांच्या हाती लागलेल्या रणगाड्यांच्या गिअरबॉक्स वगैरे भागांवर कारखान्याचे क्रमांक होते, शिस्तीत एकामागून एक. समजा पाच मिळाले, २३, ६१, ८८, ११७ आणि १४०. एकूण किती बनले असतील? १४० पेक्षा कमी तर असूच शकत नाहीत, कारण १४० नंबरचा समोर उभा आहे. आणि १४० च्या पुढे जसजसा आकडा वाढवाल तसतशी नेमके हेच पाच हाती लागण्याची शक्यता घटत जाते. म्हणजे लाइकलीहुडचं शिखर बरोबर १४० वर, आणि तेही कड्यासारखं, एका बाजूला सरळ तुटलेलं. इथे डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून काही हाती लागत नाही, सांगलीच्या मुलीने वहीत लिहून ठेवावं, परीक्षेत हमखास फसवतात.

पण विचार करा, बनवलेला सगळ्यात शेवटचा रणगाडाच नेमका पकडला गेला असं किती वेळा होईल? क्वचित. म्हणजे हा अंदाज बरोबर असेल किंवा कमी असेल, जास्त कधीच नाही. एका बाजूला झुकलेला आहे. ते झुकणं काढायला मोठ्यात मोठ्या नंबरात सरासरी फटीएवढी भर घालतात, १४० ला पाचने भागून २८, मिळवले १६८, वजा १, म्हणजे १६७. प्रत्यक्षात काय झालं ते युद्धानंतर कळलं. ऑगस्ट १९४२ या एका महिन्यात किती बनले याचा हेरखात्याचा अंदाज होता १५५० रणगाडे, नंबरांवरून काढलेला ३२७, आणि जर्मनांच्या स्वतःच्या नोंदी सापडल्या त्यात ३४२.

तर एमएलई कायम नेमकं उत्तर देतं असं नाही. लहान सॅम्पलमध्ये झुकतं, पसारा म्हणजे व्हेरिअन्स काढतानाही एकूण संख्येने भागतं म्हणून थोडं कमी सांगतं, तिथे एक वजा करून भागायची पद्धत त्यामुळेच आली. पण सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण ते तुम्हाला डेटा कसा आला हे स्पष्ट लिहायला भाग पाडतं, आणि झुकणं दिसतं ते लिहिल्यावरच.

प्रश्न (चंद्रपूरहून, जंगलात गाईडचं काम करणारे) : कॅमेऱ्यात जेवढे वेगळे वाघ दिसतात त्यापेक्षा जाहीर होणारा आकडा जास्त असतो. न दिसलेले वाघ मोजतात कसे? पाहुणे विचारतात, मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : एक उदाहरण देते, आकडे समजण्यापुरते घेतलेत, ताडोबाचे नाहीत. पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत १८ वेगळे वाघ आले. पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात त्यामुळे ओळख पटते. दुसऱ्या फेरीत २१ आले, त्यातले ८ पहिल्या फेरीतलेच. म्हणजे डोळ्यांनी दिसलेले एकूण वेगळे वाघ ३१. आता जंगलात फक्त ३१ च आहेत असं धरून बघा, तर दुसऱ्या फेरीत साधारण १२ ओळखीचे चेहरे दिसायला हवे होते. १०० आहेत असं धरलं तर चारच्या आत. आपल्याला दिसले ८. कुठल्या आकड्याला ८ सगळ्यात साजेसं आहे? ४७ ला. तोच शिखराचा आकडा, १८ गुणिले २१ भागिले ८ केलं तरी सव्वासत्तेचाळीस येतात. पाहुण्यांना एवढंच सांगा, की दुसऱ्यांदा जाळं टाकलं तेव्हा जुने मासे जितके कमी, तितकं तळं मोठं.

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलाच नाही हे २००५ मध्ये उघड झालं, तोवर आपल्याकडे पंजाच्या ठशांवर भिस्त होती. त्यानंतर पद्धत बदलली आणि २००६ च्या गणनेत देशभराचा अंदाज १४११ आला. आता जे मॉडेल वापरतात त्यात प्रत्येक कॅमेरा कुठे होता आणि प्रत्येक वाघ कुठल्या कुठल्या कॅमेऱ्यांत आला हेही लाइकलीहुडमध्ये लिहितात, कारण माझ्या वरच्या हिशोबात एक मोठी लबाडी आहे, सगळे वाघ कॅमेऱ्यात यायला सारखेच राजी आहेत असं मी धरलं. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, रस्त्याच्या मधोमध ऐटीत चालणारा नर आणि पिल्लं लपवून ठेवलेली वाघीण यांचा कॅमेऱ्यात यायचा चान्स एक कसा असेल? कॅमेऱ्याच्या अगदी जवळ राहणारा आणि लांब राहणारा यांचाही नाही.

आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधलेले तुम्ही पाहिले असतील, त्याचं कारणही यातच आहे. वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. एकच कॅमेरा असला आणि पहिल्यांदा डावी कूस आली, दुसऱ्यांदा उजवी, तर एकाच वाघाचे दोन वाघ होतात, ओळखीचे चेहरे आठावरून पाच-सहावर येतात, आणि भागाकारात खालचा आकडा लहान झाला की वरचं जंगल भलतंच मोठं दिसायला लागतं.